घरून काम करताना काय घालावे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी कपड्यांची निवड

घरून करायची पहिली नोकरी लागली की नवी मंडळी बहुधा दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण ऑफिसचेच कडक कॉलरचे शर्ट आणि पट्टा लावायच्या पँटी घालून घरात बसतात आणि आठवडाभरात कंटाळतात. बाकीचे रात्रीच्याच टी-शर्टवर लॉगिन करतात आणि मीटिंगची वेळ झाली की खुंटीवरचा शर्ट वरून चढवतात. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा या जोडीवर २०२० सालच्या टाळेबंदीपासून भरपूर विनोद झाले. पण विनोद बाजूला ठेवला तरी ही व्यवस्था कामाची नाही, कारण मीटिंग सुरू असताना चार्जर आणायला किंवा दार उघडायला उठावेच लागते.

सकाळी अंगात घातल्यावर संध्याकाळी लॉगआउट करेपर्यंत त्यातले काहीही बदलावे लागू नये, असा पोशाख शोधणे हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी कापड आधी, शिवण नंतर आणि रंग शेवटी, असा क्रम धरावा. दुकानात नेमके उलटे घडते: रंग डोळ्यांत भरतो, माप घाईने पाहिले जाते आणि कापड कसे आहे हे घरी आल्यावर दुपारी दोन वाजता कळते. कॅमेरा दिवसातून तास-दोन तास सुरू असतो, खुर्ची मात्र आठ तास असते, हे लक्षात ठेवले की हा क्रम आपोआप पटतो.

पहिली पायरी: आपण कोणाला आणि किती दिसतो, हे ठरवा

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या वरिष्ठांना किंवा मनुष्यबळ विभागाला पोशाखाचा नियम सरळ विचारावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. अनेक कंपन्यांत आपापसांतल्या बैठकीला गोल गळ्याचा साधा टी-शर्ट चालतो, पण ग्राहक समोर असेल तर कॉलर अपेक्षित असते. बँकेच्या किंवा विम्याच्या ग्राहकांशी व्हिडिओवर बोलणाऱ्यांना पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा तोडीस तोड कुर्ता लागतो. ऑनलाइन शिकवणारे शिक्षक बरेचदा उभे राहून फळ्यावर लिहितात, म्हणजे ते गुडघ्यापर्यंत तरी दिसतात. दिवसभर कोड लिहून सकाळच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीपुरता कॅमेरा लावणाऱ्याला यातले बरेच काही माफ असते.

नियमच नसेल तर पहिले दोन आठवडे इतरांपेक्षा किंचित नेटके राहावे आणि मग सगळ्यांसारखे सैल व्हावे. आधी सैल राहून नंतर नेटके होणे अवघड जाते. नोकरीच्या मुलाखतीला मात्र त्या जागेवर रोज जे घातले जाईल त्याच्या एक पायरी वरचे घालावे, आणि तेही पायांपर्यंत.

दुसरी पायरी: कापड ओळखायला शिका

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून या पायरीवर जरा थांबू. आपल्याकडच्या हवेत कपडा सुखाचा की जाचाचा हे मुख्यतः धागा घाम किती टिपतो यावर ठरते. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशा प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरून ठेवतो, लिनन आणि व्हिस्कोस त्याहूनही जास्त धरतात, तर पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का धरते. म्हणूनच पंख्याखाली बसूनही पॉलिस्टरच्या शर्टात पाठ चिकटते. ऑफिसच्या वातानुकूलित जागेत तोच शर्ट कधी टोचला नसेल, कारण तिथे घामच येत नव्हता. घरी दिवसभर एसी लावणे बहुतेकांना परवडत नाही, आणि ऑफिसचे कपाट घरच्या कामाला जसेच्या तसे का चालत नाही याचे खरे कारण हेच आहे.

सुती कापडात पुन्हा प्रकार आहेत. पॉपलिन गुळगुळीत, अंगावर ताठ बसणारे आणि कॅमेऱ्यात नेटके दिसणारे असते. शर्टाला ते उत्तम. मलमल अतिशय हलकी असते, नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात तिच्यासारखे सुख नाही, परंतु ती पारदर्शक असल्यामुळे अस्तर किंवा आतला कपडा लागतोच. खादीचे सूत हाताने कातलेले आणि कापड हातमागावर विणलेले असते. विणीतल्या बारीक असमानपणामुळे तिच्यात हवा खेळती राहते आणि पोशाखाला आपसूक भारदस्तपणा येतो. सुरुवातीचे तीन-चार धुणे ती जरा खरखरीत लागते, नंतर मऊ होत जाते, त्यामुळे दुकानातल्या स्पर्शावरून तिला नापास करू नये. लिनन थंड असते खरे, पण दुपारपर्यंत चुरगळते. ज्यांना सुरकुत्या दिसलेल्या खपत नाहीत त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर गणित बदलते. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात जाड सुती कुर्ता दोन-दोन दिवस वाळत नाही आणि अर्धवट वाळलेल्या कापडाला कुबट वास धरतो. त्या चार महिन्यांपुरते सुती आणि पॉलिस्टरचे मिश्रण असलेले दोन-तीन कपडे जवळ असावेत, कारण ते लवकर वाळतात आणि इस्त्रीही कमी मागतात. मिश्रणात सुताचा वाटा जास्त असावा. हे प्रमाण आतल्या शिवणीला लावलेल्या चिठ्ठीवर छापलेले असते आणि किमतीच्या आधी ती चिठ्ठी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

सुट्या कापडाला चिठ्ठी नसते. तिथे थेंबाची परीक्षा करता येते: कापडावर पाण्याचा एक थेंब टाकला तर सुती कापड तो पटकन पिते, पॉलिस्टरवर तो बराच वेळ मण्यासारखा राहतो. नव्या कापडाला कांजी किंवा रासायनिक लेप असेल तर ही परीक्षा फसू शकते. मग कडेचे दोन-चार धागे काढून घरी आणावेत आणि चिमट्यात धरून, खिडकीजवळ, ताटलीवर जाळून पाहावेत. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली तर भुगा होणारी करडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि टोकाला काळी, टणक गुठळी होते. दोन्ही एकदम दिसले तर कापड मिश्रणाचे आहे. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला म्हणून ते प्युअर असतेच असे नाही, आणि भर दुकानात वाद घालण्यापेक्षा हा उपाय बरा.

होजिअरीच्या, म्हणजे टी-शर्टच्या कापडाला जाडी मोजण्याचे माप जीएसएम हे असते, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. १६० ते १८० जीएसएमचा टी-शर्ट अंगावर बऱ्यापैकी बसतो. १४०च्या खालचा लवकर लुळा पडतो आणि आतली बनियन दाखवतो; २२०च्या वरचा आपल्या उन्हाळ्याला जड. कॉलरचा पोलो टी-शर्ट बहुधा जाळीदार विणीचा असतो, त्याला थोडे जास्त वजन चालते. घरून काम करणाऱ्या पुरुषांना एकच कपडा सुचवायचा झाला तर मी साध्या रंगाचा सुती पोलो सुचवीन.

तिसरी पायरी: माप उभे राहून नव्हे, बसून पाहा

कपड्याच्या दुकानातला आरसा उभ्या माणसासाठी असतो. ट्रायल रूममध्ये कपडा घातल्यावर बाहेर येऊन तिथल्या स्टुलावर किंवा बाकावर बसावे आणि समोर कीबोर्ड आहे असे समजून दोन्ही हात पुढे करावेत. या एका कृतीत चार गोष्टी कळतात. शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणांमध्ये फट पडत असेल तर छातीत किंवा पोटात शर्ट कमी पडतो आहे, आणि कॅमेरा नेमका तिथेच रोखलेला असतो. काखेत ओढ बसत असेल तर मुंढा घट्ट आहे. असा शर्ट संध्याकाळपर्यंत खांदे दुखवतो. बसल्यावर कॉलर मानेपासून मागे सरकत असेल तर खांद्याचे माप चुकले आहे. आणि पँटीचे बटण बसल्यावर पोटात रुतत असेल तर जेवणानंतर ती पँट नक्कीच छळणार.

शर्टाच्या पूर्ण बाहीला कडक कफ आणि प्लास्टिकची बटणे असतात, आणि लॅपटॉपच्या कडेवर ती बटणे दिवसभर घासत राहतात. पूर्ण बाह्या लागतच असतील तर त्या कोपराखाली दोन घड्या दुमडलेल्या नीटस दिसतात. पाऊण बाही त्याहून सोपी. महिलांच्या कुर्त्यांत ती सहज मिळते आणि पुरुषांनी शिंप्याला सांगितली तर तोही करून देतो.

कुर्त्याच्या बाबतीत बाजूच्या कटकडे लक्ष द्यावे. कट कमरेच्या फार खालून सुरू होत असेल तर बसल्यावर मागचा भाग अंगाखाली गोळा होतो आणि पुढचा गळा वर ओढला जातो, मग माणूस दर दहा मिनिटांनी कुर्ता खाली ओढत राहतो. कट थोडा वर, नितंबाच्या हाडापाशी सुरू झाला की हा त्रास जातो. उंची गुडघ्याच्या थोडी वर ठेवली तर चाकांच्या खुर्चीच्या चाकात कडा अडकत नाही. लांब घेराचे अनारकली कुर्ते या खुर्च्यांसाठी नव्हेत.

खाली काय घालावे याचे उत्तर कमरेच्या पट्टीत आहे. पुढे सपाट पट्टी आणि फक्त मागे इलॅस्टिक असलेली सुती ट्राउझर समोरून पँटीसारखी दिसते आणि बसायला पायजम्यासारखी असते. आजकाल ती तयार मिळते, आणि जुन्या पँटीच्या कमरेला मागे इलॅस्टिक लावून देणारा शिंपीही गल्लीत असतोच. महिलांना सुती पँट किंवा सैल सलवार सर्वांत सोयीची. लेगिंगमध्ये लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा असतो, त्यामुळे ती आठ तास पायांना आवळून धरते आणि उन्हाळ्यात गुडघ्यामागे घाम साचतो. ज्यांना सवय आहे त्यांना ती चालते, नव्याने मुद्दाम घेण्यात अर्थ नाही. जाड डेनिमची जीन्स बसून करायच्या कामाला जड पडते.

साडी नेसणाऱ्यांना वेगळे काही करायची गरज नाही. मऊ सुती साडी आणि कोपरापर्यंत बाही असलेला ब्लाउज हा घरून कामासाठी मुळातच उत्तम पोशाख आहे. पदराच्या निऱ्या करून खांद्यावर पिन लावावी, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने पदर कॅमेऱ्यात सारखा हलतो. ओढणीचेही तेच, ती दोन्ही खांद्यांना टाचावी किंवा ओढणी लागणारच नाही असा कॉलरचा कुर्ता घ्यावा.

गाऊनबद्दल बोलल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. आपल्या घराघरांत सकाळी गाऊनवर ओढणी टाकून दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सर्वांना सामोरे जाण्याची पद्धत आहे, आणि तीच ओढणी मीटिंगलाही पुरेल असे वाटते. ती पुरत नाही. गाऊनच्या गळ्याची झालर आणि खांद्यावरच्या चुण्या ओढणीच्या कडेने डोकावतातच. पुरुषांच्या बाबतीत हीच गत छातीवर विनोदी वाक्य छापलेल्या टी-शर्टची होते. स्वतःच्या पडद्यावर ते वाक्य आरशातल्यासारखे उलटे दिसते म्हणून ते वाचता येत नाही असा समज होतो. समोरच्याला ते सरळच दिसत असते.

चौथी पायरी: कॅमेऱ्यासमोर रंग आणि नक्षी तपासा

लॅपटॉपचा कॅमेरा समोरच्या चौकटीतला एकूण उजेड पाहून चित्राचा उजळपणा आपोआप ठरवतो. पांढराशुभ्र शर्ट घातला की त्याला उजेड जास्त वाटतो, तो चित्र मंद करतो आणि चेहरा काळवंडतो. काळा कपडा घातला की उलटे होते आणि चेहरा विटल्यासारखा दिसतो. म्हणून मधल्या छटा धराव्यात: निळ्याच्या बहुतेक छटा, मोरपंखी, आंब्याच्या पानाचा हिरवा, विटकरी, वांगी. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर हे रंग खुलतात, शिवाय हळदीचा बारीकसा शिंतोडा त्यांच्यावर लगेच उठून दिसत नाही.

बारीक रेघा आणि बारीक चौकडी टाळावी. रेघांमधले अंतर कॅमेऱ्याच्या चित्रबिंदूंच्या अंतराशी जवळपास जुळले की पडद्यावर खऱ्या कापडात नसलेल्या लाटा उमटतात आणि माणूस हलला की त्या सळसळतात. त्याला मॉइरे म्हणतात. जे ऑफिसात सर्वांत सभ्य समजले जातात, नेमके तेच बारीक निळ्या रेघांचे शर्ट इथे दगा देतात. रुंद पट्टे किंवा इंचभर अंतरावरचे बुट्टे चालतात. खणाचा कुर्ता किंवा जाकीट घालायची हौस असेल तर खणाचे बुट्टे बारीक आणि दाट असतात, तेव्हा आधी कॅमेऱ्यात पाहून घ्यावे. काठ आणि गळ्याची पट्टी खणाची आणि बाकी कापड साधे, ही तडजोड हमखास जमते.

भिंतीचा रंगही बघावा. फिकट पिवळ्या भिंतीपुढे फिकट पिवळा कुर्ता घातला तर धड भिंतीत विरघळते, आणि मागे कृत्रिम पार्श्वभूमी लावली असेल तर सॉफ्टवेअर खांद्याचा तुकडाच गायब करते. मागे हिरवा पडदा लावणाऱ्यांनी हिरवे काहीही घालू नये, हे ओघाने आलेच.

तपासायची रीत सोपी आहे. ज्या जागी आणि ज्या वेळी बैठक असते तिथे बसून मिनिटभराचा व्हिडिओ घ्यावा, त्यात थोडे बोलावे, पाणी प्यावे, एकदा उठून पुन्हा बसावे, आणि मग तो मोठ्या पडद्यावर पाहावा. वेळेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाची उन्हाळ्यातली सकाळी दहाची बैठक आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते, हिवाळ्यात साडेआठला. त्या वेळी खिडकीचा उजेड नसतो, डोक्यावरची पांढरी एलईडी ट्यूब असते, आणि दिवसा छान दिसलेला बदामी कुर्ता तिच्याखाली मळकट वाटतो. संध्याकाळच्या बैठकांसाठी थोडे गडद आणि थंड रंग निवडावेत. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडे याच वेळेला गारठाही असतो. तेव्हा स्वेटरपेक्षा सुती कुर्त्यावर किंवा शर्टावर बिनबाह्यांचे जाकीट बरे, कारण हात मोकळे राहतात.

कानातल्या हेडफोनचा माइक गळ्यापाशी लोंबत असेल तर भरतकामाचा गळा, टिकल्या आणि मंगळसूत्राचे मणी त्याला घासतात आणि ऐकणाऱ्याला ती खरखर मोठी ऐकू येते. काचेच्या बांगड्यांचा टेबलावरचा आवाज तर थेट माइकमध्ये जातो. एक कडे किंवा रुंद पाटली निमूट असते. पायात काय, याला फारसे महत्त्व नाही. फरशी गार असेल तर मोजे घालावेत.

पाचवी पायरी: किती घ्यावे, कुठून घ्यावे

पाच दिवसांच्या आठवड्याला वरचे पाच आणि खालचे तीन कपडे पुरतात, पावसाळ्यात त्यात प्रत्येकी एकाची भर घालावी. खालचे तिन्ही कपडे एकाच कुळातल्या रंगांचे, म्हणजे गडद निळा, राखाडी आणि काळा, असे घेतले तर वरचे कोणतेही त्यावर जाते आणि सकाळी विचार करावा लागत नाही. पहिल्या पगारात सगळे एकदम घेऊ नये. दोन जोड घ्यावेत, महिनाभर वापरावेत आणि जे सर्वांत जास्त वेळा हाताला लागले त्याचीच आणखी दोन रंगांत खरेदी करावी.

ज्यांच्या अंगाला तयार माप बसत नाही त्यांना शिवून घेणे फायद्याचे पडते. मुंबईत मंगलदास मार्केट आणि पुण्यात लक्ष्मी रस्ता ही सुट्या कापडाची जुनी ठिकाणे आहेत, आणि राज्यातल्या बहुतेक शहरांच्या बाजारपेठांत इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे कापड मिळते. कापड घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर लागते, तर ५८ इंच पन्ह्याचे एक मीटर साठ सेंटिमीटर पुरते. महिलांच्या गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला ४४ इंच पन्ह्याचे साधारण अडीच मीटर धरावे. अंगाने मोठे असाल तर पाव मीटर वाढवावे.

सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून घ्यावे, कारण पहिल्या धुण्यात ते तीन ते पाच टक्के आटते. चाळीस इंच उंचीच्या कुर्त्यात हे दोन इंचांपर्यंत जाते. शिंप्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: माप बसलेल्या स्थितीतही घ्या, आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवा. घरून काम सुरू केल्यावर पहिल्या वर्षात वजन वाढणारे बरेच जण असतात; माया असेल तर टीप उसवून कपडा सैल करता येतो.

धुणे, इस्त्री आणि कपाट

नवा रंगीत सुती कपडा पहिल्यांदा स्वतंत्र, थंड पाण्यात धुवावा. लायक्रा असलेल्या कपड्यांना गरम पाणी आणि तापलेली इस्त्री दोन्ही वर्ज्य, त्यांनी ताण निघून जातो आणि गुडघ्यांवर फुगे येतात. टी-शर्ट उलटा करून धुतला आणि उलटाच वाळत घातला तर रंग टिकतो व त्यावर गोळे कमी धरतात. सुती शर्ट किंचित ओलसर असताना इस्त्री केला तर अर्ध्या वेळात होतो. रोज एवढाही वेळ नसेल तर कॉलर, बटणपट्टी आणि खांदे एवढ्यावरच इस्त्री फिरवावी. कांजी करायचीच असेल तर अगदी पातळ करावी, कारण कडक कांजीने घाम टिपला जात नाही आणि मानेला कॉलर काचते.

हे कपडे कपाटात वेगळ्या कप्प्यात ठेवावेत आणि स्वयंपाकघरात जाताना, निदान फोडणीच्या वेळी, वरून अ‍ॅप्रन बांधावा; तेलाचा डाग सुती कापडातून सहजी निघत नाही. एखाद्या शर्टाची कॉलर दुमडीवर विरली किंवा टी-शर्टच्या गळ्याला लाटा पडल्या की तो कामाच्या कप्प्यातून काढून घरच्या कपड्यांत टाकावा आणि त्याच आठवड्यात त्या जागी दुसरा आणावा, म्हणजे सोमवारी सकाळी विरलेली कॉलर पुन्हा हाताला लागत नाही.